वकिलांच्या समितीत बिगरवकील: अर्जापासून पहिल्या सुनावणीपर्यंतचे दहा महिने

शनिवार, १३ जानेवारी २०२४ रोजी सकाळी मी ती जाहिरात वाचली. इंग्लंडमधील वकिलांच्या एका नियामक संस्थेला शिस्तपालन समितीसाठी सहा नवे सदस्य नेमायचे होते आणि त्यांपैकी चार जण वकील नसलेले असावेत, अशी अट होती. अशाच एका जागेसाठी मी ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला होता आणि तो पहिल्याच चाळणीत बाद झाला होता. त्यामुळे जाहिरात वाचून झाल्यावर मी ती मिटून टाकली, दुपारी पुन्हा उघडली आणि रात्री झोपण्यापूर्वी माहितीपत्रकाची सव्वीस पाने छापून घेतली.

मी मूळची साताऱ्याची असून गेली एकोणीस वर्षे लेस्टरमधील एका रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून काम करते. या जागांसाठी माझ्यासारखी माणसे अर्ज करू शकतात हे मला फार उशिरा कळले, आणि आमच्या मराठी मंडळातल्या दोघांनी अलीकडे याविषयी बारकाईने विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मात्र लिहीत नाही, कारण समितीचे कामकाज गोपनीय असते आणि नेमणुकीच्या अटींत त्याविषयी स्पष्ट कलम आहे.

आधी या जागा निर्माण कशा झाल्या ते सांगायला हवे, कारण मुलाखतीत तेच विचारतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिलांच्या संघटनाच दीर्घकाळ स्वतःच्या सभासदांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करीत असत. सर डेव्हिड क्लेमेंटी यांनी २००४ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात सभासदांच्या हितासाठी बोलण्याचे काम आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचे काम वेगळे करावे, असे सुचवले. पुढे २००७ चा लीगल सर्व्हिसेस अॅक्ट आला आणि सर्व नियामकांवर देखरेख करणारे लीगल सर्व्हिसेस बोर्ड स्थापन झाले. त्या बोर्डाच्या नियमांनुसार नियामक संस्थांच्या संचालक मंडळांवर बिगरवकिलांचे बहुमत असावे लागते. सॉलिसिटरांसाठी, म्हणजे अशिलांची कागदोपत्री कामे पाहणाऱ्या वकिलांसाठी, सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, मुख्यतः न्यायालयात बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरांसाठी बार स्टँडर्ड्स बोर्ड, शिवाय घरखरेदीची कायदेशीर कामे करणारे, पेटंटचे वकील, नोटरी अशा प्रत्येक शाखेची वेगळी नियामक संस्था आहे. या सगळ्यांना दर काही वर्षांनी मंडळ आणि समित्यांसाठी माणसे लागतात, ही गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

माझे वडील, अण्णा, साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात एका वकिलांकडे चौतीस वर्षे कारकून होते. वकीलपत्रावर तिकीट लावण्यापासून ते पक्षकाराला पुढची तारीख समजावून सांगण्यापर्यंतची सगळी कामे त्यांनी केली. पक्षकार व्हरांड्यातल्या बाकावर तासन्‌तास बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला स्वतःच्याच वकिलाबद्दल तक्रार असली तर तो ती अण्णांच्या कानात सांगे, कारण दुसरीकडे कुठे सांगायची ते त्याला माहीत नसे. आपल्याकडे १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनुसार अशी तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलवरचे पंचवीस निर्वाचित सदस्य वकीलच असतात, त्यांना मत देणारेही वकीलच, आणि कौन्सिलच्या शिस्तपालन समितीवर बसणाऱ्या तिघांत दोन कौन्सिलचे सदस्य आणि तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही वकीलच. अण्णांना मी फोनवर या जागेविषयी सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, वकील नसलेल्या माणसाला ते वकिलांच्या निवाड्याला बसवतात? आणि त्याचं ऐकतात?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. दुसऱ्याचे नव्हते, आणि अर्ज करण्याचे ते एक मोठे कारण ठरले.

पात्रतेच्या बाबतीत मला एक शंका होती. पुण्यात असताना मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन चार महिन्यांत सोडला होता. ‘बिगरवकील’ कोणाला म्हणावे याची व्याख्या २००७ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातच दिलेली आहे. जी व्यक्ती कधीही सॉलिसिटर, बॅरिस्टर किंवा कायद्याने वकिलांसाठी राखून ठेवलेली (उदाहरणार्थ न्यायालयात बाजू मांडण्याची) कामे करण्यास अधिकृत अशी व्यावसायिक नव्हती, ती बिगरवकील. ‘सध्या नाही’ एवढे पुरत नाही, ‘कधीच नव्हती’ असे असावे लागते, म्हणून निवृत्त सॉलिसिटर या जागांना अपात्र ठरतात. कायद्याचे शिक्षण घेतल्याने मात्र कोणी अपात्र होत नाही. तरीही मी भरतीचे काम पाहणाऱ्या एजन्सीला ईमेल पाठवून लेखी उत्तर घेतले. ते तीन दिवसांत आले. भारतात वकिलीची सनद घेतलेल्यांनी तर हे अर्जापूर्वीच विचारून घ्यावे, कारण प्रत्येक संस्था स्वतःच्या नियमांत या व्याख्येत भर घालू शकते.

बुधवार, २४ जानेवारीला संध्याकाळी सहा वाजता ऑनलाइन माहितीसत्र होते. अशा सत्राला जरूर बसावे. माहितीपत्रकात ‘वर्षाला साधारण पंधरा दिवस’ असे छापले होते. सत्रात एका विद्यमान बिगरवकील सदस्याने सांगितले की पंधरा दिवस हे सुनावणीचे आणि बैठकांचे असतात, प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रे दोनशे ते चारशे पानांची असतात आणि ती वाचण्यात आणखी एक दिवस सहज जातो. मानधन दिवसाला ३४० पौंड होते आणि वाचनासाठी प्रत्येक प्रकरणामागे अर्ध्या दिवसाचे. मी त्याच रात्री नवऱ्याबरोबर बसून वर्षाचा हिशेब मांडला. माझ्या रजेचे दिवस, मुलीची बारावीच्या तोलाची ए लेव्हलची परीक्षा, त्याच्या रात्रपाळ्या, हे सगळे एका कागदावर लिहिले आणि शक्य आहे असे दिसल्यावरच पुढे गेले.

अर्ज भरण्यासाठी तीस दिवस होते आणि शेवटची तारीख सोमवार, १२ फेब्रुवारी, दुपारी बारा. दोन पानांचा परिचय आणि पाच निकषांवर प्रत्येकी तीनशे शब्दांत लिहायचे होते: पुरावा तोलून निर्णय घेणे, न्याय्य वागणूक, इतरांबरोबर मिळून काम करणे, लेखी व तोंडी स्पष्टता, आणि सार्वजनिक हिताची समज.

२०२१ साली मी जिथे चुकले ते नेमके इथेच. तेव्हा नकार आल्यावर मी अभिप्राय मागितला होता, आणि सात आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले होते की अर्जात उमेदवाराने स्वतः काय केले हे दिसत नाही. त्या वेळी मला ते अन्यायकारक वाटले. आता तो जुना अर्ज काढून वाचला तर पाचही उत्तरांत ‘आम्ही’ हा एकच कर्ता होता. आमच्या विभागाने चूक शोधली, आम्ही पद्धत बदलली, आमच्या चमूने प्रशिक्षण दिले. आपल्या घरांत ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे मानतात, काम दहा जणांचे असले तर श्रेय दहा जणांना द्यावे असे शिकवतात, आणि ते शिकवणे चुकीचे आहे असे मला आजही वाटत नाही. परंतु अर्ज वाचणाऱ्याला त्या दहा जणांना नेमायचे नसते. मी प्रत्येक उत्तर नव्याने लिहिताना परिस्थिती काय होती, माझ्यावर जबाबदारी काय होती, मी स्वतः कोणती पावले उचलली आणि त्यातून काय झाले, या क्रमाने लिहिले. पहिल्या निकषासाठी एकच प्रसंग निवडला. एका वॉर्डात औषधाची मात्रा चुकल्याचा ठपका एका नव्या परिचारिकेवर आला होता. नोंदींच्या वेळा जुळत नव्हत्या म्हणून मी छापील तक्ता, संगणकावरील नोंद आणि औषधांच्या कपाटाचे रजिस्टर शेजारी ठेवून तपासले, आणि चूक तिच्या पाळीच्या आधीच झाली होती असे दाखवून दिले. हे लिहिताना माझ्या लक्षात आले की एवढे काम मी खरोखर एकटीने केले होते आणि तरीही २०२१ साली त्याला ‘आम्ही’ म्हटले होते.

पाच उत्तरांना मला साधारण बावीस तास लागले. ती आधी स्वतंत्र फाइलमध्ये लिहून ठेवावीत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. एजन्सीचे पोर्टल अर्ध्या तासाने आपोआप बंद होत असे आणि न साठवलेला मजकूर जात असे. माझे एक पूर्ण उत्तर तसे गेले. शब्दसंख्या ओलांडली तर पोर्टल पुढचा मजकूर न सांगता कापून टाकते, म्हणून अर्ज पाठवल्यावर त्याची प्रत उतरवून घेऊन शेवटचे वाक्य पूर्ण आहे ना हे पाहावे. वंश, धर्म, वय यांची माहिती विचारणारा अर्ज वेगळा होता. तो निवड समितीला दाखवत नाहीत, आणि पहिल्या चाळणीत नावेही झाकलेली असतात, असे माहितीपत्रकात लिहिले होते. मी रविवारी, ११ फेब्रुवारीला संध्याकाळी अर्ज पाठवला.

त्यानंतर बत्तीस दिवस काहीच कळले नाही. अर्ज मिळाल्याची आपोआप येणारी पोच तेवढी होती. ‘लांब यादी’, म्हणजे पहिल्या चाळणीतून पुढे गेलेल्यांची यादी, फेब्रुवारीच्या अखेरीस होईल असे वेळापत्रकात छापलेले होते, आणि ती तारीख उलटून गेल्यावर मी नकाराची तयारी ठेवली. शुक्रवार, १५ मार्चला दुपारी ईमेल आला की माझे नाव पुढच्या फेरीसाठी निवडले आहे आणि लेखी परीक्षा आठ दिवसांनी, शनिवारी आहे.

परीक्षा नव्वद मिनिटांची, घरूनच द्यायची होती. एका काल्पनिक सॉलिसिटरविरुद्धच्या तक्रारीची चौदा पाने दिली होती. अशिलाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले होते का, परत द्यायला उशीर का झाला, तारीख नसलेले एक पत्र खरे कधी लिहिले गेले, असे प्रश्न त्यातून निघत होते. निर्णय आणि त्याची कारणे सातशे शब्दांत लिहायची होती. इथे एक गोष्ट आधी वाचून ठेवल्याचा फार उपयोग झाला. इंग्लंडमध्ये वकिलांवरचे आरोप पूर्वी फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत सिद्ध व्हावे लागत. बॅरिस्टरांच्या बाबतीत एप्रिल २०१९ पासून आणि सॉलिसिटरांवरच्या गंभीर आरोपांचा निवाडा करणाऱ्या सॉलिसिटर्स डिसिप्लिनरी ट्रिब्युनलसमोर त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरपासून दिवाणी निकष लागू झाला, म्हणजे घटना घडली असण्याची शक्यता न घडण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का, एवढे पाहायचे. मी उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात तो निकष लिहिला, मग प्रत्येक मुद्द्यावर कोणता पुरावा मी ग्राह्य धरला आणि कोणता नाही ते लिहिले. तारीख नसलेल्या पत्राबद्दल ‘या कागदांवरून ठरवता येत नाही’ असे स्पष्ट लिहिले. ते लिहिताना भीती वाटली, कारण परीक्षेत उत्तर न देणे म्हणजे गुण जाणे, ही सवय हाडात भिनलेली असते. नंतर अभिप्रायात कळले की त्याच वाक्याला चांगले गुण मिळाले होते.

तयारीसाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. सॉलिसिटर्स डिसिप्लिनरी ट्रिब्युनलचे निकाल संकेतस्थळावर उपलब्ध असतात आणि सुनावण्या सर्वसाधारणपणे सर्वांसाठी खुल्या असतात. तिथे दोन सॉलिसिटर आणि एक बिगरवकील असे तिघे बसतात. मी निकाल वाचायला लागले तेव्हा पहिले दोन अजिबात कळले नाहीत. तिसऱ्यापासून रचना कळू लागली: आरोप, मान्य गोष्टी, वादग्रस्त गोष्टी, निष्कर्ष, शिक्षा. जवळपास प्रत्येक निकालात बोल्टन विरुद्ध लॉ सोसायटी या १९९३ सालच्या निकालाचा उल्लेख होता, म्हणून तोही वाचला. वकिलाला शिक्षा करताना मुख्य हेतू त्याला पुन्हा दंड करण्याचा नसून लोकांचा त्या व्यवसायावरचा विश्वास टिकवण्याचा असतो, हे त्यातले सूत्र. मी स्वतः नोंदणीकृत व्यावसायिक आहे, माझ्यावर जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलचे नियंत्रण आहे आणि त्या कौन्सिलवरही निम्मे सदस्य फार्मासिस्ट नसलेले असतात. नियामकाकडून पत्र आले की घरात काय होते हे मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. त्यामुळे हे सूत्र मला पटले, पण ते वाचताना समोरच्या माणसाचा विचारही मनातून गेला नाही.

मुलाखत मंगळवार, १६ एप्रिलला लंडनमध्ये सव्वाअकराला होती. ऑनलाइन मुलाखतीचा पर्याय होता, तरी मी प्रत्यक्ष गेले. लेस्टरहून जाण्यायेण्याचे तिकीट ६८ पौंडांना पडले. हा खर्च मागितल्यास मिळतो, न मागितल्यास कोणी आपणहून देत नाही. मला तो पाच आठवड्यांनी मिळाला. वेळ होता म्हणून सेंट पँक्रस स्थानकापासून चालत निघाले आणि वाटेत ग्रेज इनच्या फाटकापाशी थांबले. बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनमधील चार जुन्या संस्थांना ‘इन’ म्हणतात, त्यांपैकी ही एक. याच संस्थेने १९२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बॅरिस्टरी दिली. याच संस्थेने त्याआधी, १९०९ साली, विनायक दामोदर सावरकरांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला असूनही त्यांना बॅरिस्टर करून घ्यायचे नाकारले. गांधीजींचे नाव इनर टेंपल या दुसऱ्या इनने १९२२ साली पटावरून काढले आणि १९८८ साली परत घातले. हे सगळे निर्णय त्या त्या इनच्या ‘बेंचर’ म्हणवणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी बंद दाराआड घेतलेले होते. तिथे उभी असताना मला अण्णांचा दुसरा प्रश्न पुन्हा आठवला.

निवड समितीत तिघे होते. अध्यक्ष नियामक मंडळावरच्या बिगरवकील सदस्या, दुसरे समितीवर काम करणारे वकील आणि तिसरी व्यक्ती पूर्णपणे बाहेरची. पंचेचाळीस मिनिटांत सहा प्रश्न झाले. सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे, म्हणजे १९९५ साली नोलन समितीने सांगितलेली निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, मोकळेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व, यांपैकी कोणते पाळणे तुम्हाला सर्वांत कठीण गेले, असा एक प्रश्न होता. मी मोकळेपणा सांगितला. वरिष्ठ डॉक्टरच्या चुकीची नोंद करायला मी एकदा दोन दिवस लावले होते, तो प्रसंग सांगितला.

दुसरा प्रश्न असा होता: समितीतले वकील सदस्य म्हणाले की ‘आमच्या व्यवसायात सगळेच असे करतात’, तर तुम्ही काय कराल? मी म्हणाले की ते खरे आहे का हे मी त्यांनाच विचारीन, कारण व्यवसायातली रूढी मला माहीत नसते आणि ती समजून घेणे आवश्यक आहे. पण रूढी आहे म्हणून ती नियमाला धरून आहे असे ठरत नाही. रुग्णालयात तोंडी सांगितलेल्या मात्रेवर औषध देणे अनेक वर्षे सर्रास चालत होते आणि तरीही ते धोक्याचेच होते, हे उदाहरण दिले.

तिसऱ्या प्रश्नाला मी चुकले. ज्या वकिलाचे प्रकरण समोर आले आहे त्याने चार वर्षांपूर्वी तुमच्या शेजाऱ्याच्या घराची कागदपत्रे केली होती, तर तुम्ही बसाल का? मी पटकन म्हणाले, “हो, माझ्या मनात त्याच्याविषयी काहीही नाही, मी निःपक्षपाती राहीन.” वकील सदस्यांनी काहीही न बोलता पेन खाली ठेवले. त्या शांततेत मला मी वाचलेले आठवले. पोर्टर विरुद्ध मॅगिल या २००१ सालच्या निकालापासून इथे असे विचारतात की सर्व वस्तुस्थिती माहीत असलेल्या, न्यायबुद्धीच्या त्रयस्थ माणसाला पक्षपाताची खरी शक्यता दिसेल का. माझे मन स्वच्छ आहे की नाही याला तिथे महत्त्व नसते. मी म्हणाले, “मला उत्तर दुरुस्त करायचे आहे,” आणि सांगितले की मी ही गोष्ट आधी अध्यक्षांना आणि दोन्ही पक्षांना कळवीन आणि मग बसायचे की नाही ते ठरेल. बाहेर पडल्यावर मला खात्री होती की हे गेले. परतीच्या गाडीत मी डबा उघडलादेखील नाही.

निकाल दोन आठवड्यांत कळवू असे सांगितले होते, तो एकतीस दिवसांनी कळला. मध्ये एकदा, तिसऱ्या आठवड्यानंतर, मी एका ओळीची विचारणा केली. तसे विचारल्याने काही बिघडत नाही. शुक्रवार, १७ मे रोजी दुपारी फोन आला, तेव्हा मी औषधभांडारात मोजणी करीत होते. निवड झाली होती, पण ‘तपासण्या पूर्ण होण्याच्या अटीवर’, म्हणून घरी सांगितले आणि बाहेर कोणालाही सांगितले नाही.

या तपासण्यांना सहा आठवडे लागले. दोन संदर्भपत्रे, ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रे, दिवाळखोरी नसल्याचे आणि गुन्ह्याची नोंद नसल्याचे दाखले, आणि हितसंबंधांचे जाहीरपत्र. शेवटचे सर्वांत वेळखाऊ होते. माझा भाचा बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर होण्याचे प्रशिक्षण घेतो, तो कोणत्या फर्ममध्ये आहे ते लिहिले. आम्ही २०१६ साली घर घेताना ज्या फर्मने काम केले तिचे नाव जुन्या कागदांतून शोधून लिहिले. तुम्ही वकिलांच्या कोणत्याही प्रतिनिधी संघटनेत पदावर आहात का, असाही प्रश्न होता. तो का विचारतात हे २०११ सालच्या एका अपिलावरून कळते. विधि-कार्यकारी (लीगल एक्झिक्युटिव्ह) या वकिलांच्या आणखी एका शाखेच्या संस्थेतील एका विद्यार्थिनीच्या शिस्तपालनाच्या प्रकरणात संस्थेच्या उपाध्यक्षपदावरील व्यक्तीच निवाडा करायला बसली होती, आणि अपील न्यायालयाने तो निवाडा टिकू दिला नाही. माझी एक संदर्भ देणारी व्यक्ती निवृत्त होऊन पोर्तुगालला गेली होती आणि तिचा जुना ईमेल बंद झाला होता, त्यात अकरा दिवस गेले. संदर्भ देणाऱ्यांना अर्जाच्याच दिवशी कळवून ठेवावे.

याच काळात रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाकडून दुसरे काम करण्याची लेखी परवानगी घ्यावी लागली. माझ्या वरिष्ठांनी सहज होकार दिला, पण अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तीन आठवडे लागले. सुनावणीच्या दिवसांसाठी वर्षाला सहा दिवस बिनपगारी आणि उरलेले माझ्या हक्काच्या रजेतून, असे ठरले. हा अर्ज मुलाखतीच्या आधीच टाकला असता तर बरे झाले असते. मानधनाचा करही समजून घ्यावा. अशा समितीचा सदस्य संस्थेचा नोकर नसतो, तो पदधारक असतो, तरीही मानधनातून कर कापूनच पैसे देतात, आणि दुसरे उत्पन्न म्हणून बहुधा ‘बीआर’ हा कोड लावतात, म्हणजे सगळ्या रकमेवर मूळ दराने कर कापतात. हातात येणारा आकडा पाहून पहिल्या महिन्यात गोंधळ होतो.

नेमणुकीचे पत्र २७ जूनला आले. मुदत १ जुलै २०२४ पासून तीन वर्षे, पुढे एकदा वाढवता येण्याजोगी. पत्रातल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा नीट तपासून घ्याव्यात असे मला प्रशिक्षणात कळले, आणि त्यामागचे कारण फार गंभीर आहे. बॅरिस्टरांच्या शिस्तपालन न्यायमंडळांवर मुदत संपलेले काही सदस्य बसत राहिल्याचे उघड झाले होते, त्यावर २०१२ साली चौकशीचा अहवाल आला आणि जुन्या निर्णयांना त्या कारणाने न्यायालयात आव्हाने दिली गेली. तेव्हापासून मी माझी शेवटची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवली आहे.

प्रशिक्षण १९ आणि २० सप्टेंबरला झाले. कारणे कशी लिहावीत यावर पूर्ण एक दुपार होती आणि तीच सर्वांत उपयोगी ठरली.

पहिली सुनावणी गुरुवार, १४ नोव्हेंबरला. कागदपत्रे दहा दिवस आधी सुरक्षित पोर्टलवर आली, २६० पाने. ती लॅपटॉपच्या एका पडद्यावर वाचणे अशक्य झाले म्हणून ११० पौंडांचा दुसरा पडदा घेतला. मी दोन शनिवार वाचले, तारखांची स्वतंत्र यादी केली आणि ज्या जागी दोन कागद एकमेकांशी जुळत नव्हते तिथे खुणा केल्या, अगदी रुग्णालयात करते तशाच.

दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर आम्ही तिघे आतल्या खोलीत गेलो. अध्यक्षांनी दार लावले, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले की या समितीत सर्वांत नवा सदस्य आधी बोलतो, म्हणजे जुन्यांच्या मताचे ओझे त्याच्यावर पडत नाही. मी माझी तारखांची यादी उघडली आणि एकशे बाराव्या पानापासून सुरुवात केली. मी अकरा मिनिटे बोलले. वकील सदस्यांनी मध्ये एकदाच थांबवले, त्या पानाचा क्रमांक पुन्हा विचारण्यासाठी, आणि तो स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

रात्री घरी पोहोचल्यावर अण्णांना फोन केला. प्रकरणाविषयी एक अक्षरही सांगता येत नव्हते, आणि त्यांनीही विचारले नाही. एवढेच सांगितले की ऐकतात, अण्णा.